वाचणाऱ्याचा अधिकार, वचनाचा अधिकार



'अधिकार' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. मामलेदाराचा अधिकार, वडिलांचा अधिकार, माहितीचा अधिकार. पण धर्मग्रंथाच्या जवळ हा शब्द आला की आपल्या परंपरेत तो पहिल्याने वाचणाऱ्याकडे वळतो. तुला हे वाचण्याचा अधिकार आहे काय? वेदान्ताचे प्रकरणग्रंथ पाहा. विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्याही आधी 'अधिकारी' कोण, हे सांगितलेले असते. ज्यांना हा अधिकार नाही त्यांच्यासाठी ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

मराठी बायबलातही हाच शब्द आहे, मात्र तिथे त्याने दिशा बदलली आहे. मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय उघडा. कफर्णहूम गावच्या सभास्थानात येशू शिकवतो आणि लोक चकित होतात. त्यांना वाटते, हा आपल्या शास्त्र्यांसारखा बोलत नाही, याच्या बोलण्यात अधिकार आहे. भाषांतरकारांनी तिथे 'शास्त्री' हाच शब्द ठेवला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकाला तो किती जवळचा वाटला असेल, याची कल्पना करा. ऐकणारे कोण होते? मासे धरणारे, जकात घेणारे, घरकाम करणाऱ्या बाया. त्यांचा अधिकार कोणी तपासला नाही. प्रश्न होता तो बोलणाऱ्याच्या अधिकाराचा.

आज तुमच्यापुढे मांडायचे आहे ते या दिशाबदलाबद्दल. ख्रिस्ती घरात सकाळी किंवा रात्रीच्या जेवणानंतर बायबलाचा एखादा अध्याय वाचण्याचा रिवाज असतो. माझ्याही घरी आहे. प्रत्येकाच्या हातात पुस्तक आहे, वाचायला कोणाची आडकाठी नाही. मग तिथे सत्ता चालते कोणाची? पुस्तकाची, वाचणाऱ्याची, पाळकाची की छापणाऱ्या संस्थेची? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटत नसेल तर तुम्हाला सुरुवातीपासून खंडन करता येईल. आवडीचे वचन आपण निवडतो, तेव्हा तिथे सत्ता आपलीच असते. ग्रंथाची सत्ता सुरू होते ती त्याच्या पुढच्या वचनापाशी, जे आपण निवडलेले नसते.

हे समजून घ्यायला पंडिता रमाबाईंइतके चांगले उदाहरण मराठीत दुसरे नाही. बेळगावकडचे बाबा पदमनजीही आहेत, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण आधी रमाबाई, कारण अधिकार या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या बाईने स्वतःच्या अंगावर घेतले.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, घराणे डोंगरे शास्त्र्यांचे. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवले, त्याबद्दल पंडितांच्या सभेत जाब द्यावा लागला आणि त्यांनी तो शास्त्राधारे दिला. त्या आईने मुलीला शिकवले. पण वेद मात्र नाही. तेवढी रेघ अनंतशास्त्र्यांनीही ओलांडली नाही. कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत असे आणि पोट भरत असे ते पुराण सांगून. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात त्या पुराणवाचनाचे वर्णन केले आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. देवळाच्या ओवरीत, झाडाखाली किंवा नदीकाठी पोथी घेऊन बसायचे आणि मूळ संस्कृत मोठ्याने वाचायचे. येणारेजाणारे नमस्कार करीत, फुले आणि पैसे ठेवीत, थोडा वेळ ऐकत आणि जात. समजलेच पाहिजे असे नव्हते. कानावर पडले की पुण्य लागले.

मी हे हेटाळणीने सांगत नाही. न समजता ऐकण्यातही एक श्रद्धा असते, आणि लॅटिन मिस्सेला शेकडो वर्षे गुडघे टेकणाऱ्या माणसांना ती चांगली ठाऊक होती. पण पाहा, या व्यवहारात ग्रंथ ऐकणाऱ्याला काहीच म्हणू शकत नाही. तो पूज्य आहे, आणि पूज्य वस्तू उलट बोलत नाही.

दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ चालत चालत कलकत्त्याला पोचले. तिथे १८७८ साली त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवण्यात आले. कोणीतरी भावंडांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला नेले. प्रार्थनेच्या वेळी मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकू लागली, तेव्हा हे लोक खुर्च्यांना नमस्कार करतात की काय, असे या भावंडांना वाटले! तिथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. रमाबाईंनी ते वाचून पाहिले. ज्या भाषेवर त्यांची हुकमत होती, तिच्यातले ते पुस्तक त्यांना उलगडेना. भाषेचे वळणच वेगळे, सांगणे वेगळे. वेळ फुकट जातो आहे असे वाटून त्यांनी ते बाजूला ठेवले, पण टाकले मात्र नाही. त्याच कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेद दिला, तेव्हा त्यांना नवल वाटले, कारण स्त्रीला तो अधिकार नाही हे त्या लहानपणापासून शिकल्या होत्या.

पुढे लग्न होऊन त्या आसामात सिल्चरला गेल्या. तिथे नवऱ्याच्या पुस्तकांत एक छोटे पुस्तक सापडले. लूकचे शुभवर्तमान, बंगालीत. ही भाषा त्यांची मातृभाषा नव्हे आणि पांडित्याचीही नव्हे. पण या साध्या बंगालीत ते पुस्तक त्यांना कळू लागले. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन समजावून सांगत. नवऱ्याला हे रुचले नाही. तो स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेला होता, तरी बायकोने त्या वाटेने जावे हे त्याला नको होते.

जिच्यात अधिकार होता त्या भाषेत पुस्तक बंद राहिले, आणि जिच्यात तो नव्हता तिच्यात उघडले. रमाबाईंचे पुढचे चाळीस वर्षांचे काम मला या एका अनुभवात दिसते.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. सिस्टर जेराल्डीन आणि मिस बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने छापला गेला. जिला मराठी गद्याची आणि वादाची आवड आहे अशा प्रत्येक व्यक्तीने तो वाचावा, जरी तो इंग्रजीत असला तरी. हिंदुस्थानातल्या बिशपांचे म्हणणे पडले की रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, देशात गेल्यावर त्याने त्यांची पत जाईल. रमाबाई उसळल्या. मी काय शिकवावे आणि कोणाला, हे ठरवणारे हे कोण? त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी प्रश्नांवर प्रश्न काढले. मतांगीकारातले जे शब्द त्यांना बायबलात सापडेनात, ते मान्य करायला त्या तयार नव्हत्या. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, यावरूनही खटका उडाला. १८८५ सालच्या एका पत्रात त्यांनी साफ कळवले, की हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जोखड मी नुकतेच महत्प्रयासाने उतरवले आहे, त्याच जातीचे दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी इच्छा नाही.

आपण मराठी वाचक अशा ठिकाणी टाळ्या वाजवतो. मीही वाजवतो. पण सिस्टर जेराल्डीनची बाजूही ऐकायला हवी. तिचे म्हणणे असे, की रमाबाई हट्टी आहेत, मंडळीत राहायचे म्हणजे शिकून घ्यायचे असते, आणि जो एकटाच वाचतो तो शेवटी स्वतःलाच ऐकतो. यात इंग्रजी वरचढपणा होता हे खरे. तरी शेवटचा मुद्दा खोटा नाही. पुरोहिताला घराबाहेर काढणे सोपे असते. तो आपल्याच डोक्यात येऊन बसला, तर त्याला काढणार कोण?

रमाबाईंना हे कळले होते, असे मी म्हणतो ते त्यांच्याच लेखणीच्या आधारे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, मुंबई-पुण्यात शारदा सदन चालवीत असताना, त्यांच्या ध्यानात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. याचा अर्थ मी असा घेतो, की तोवर बायबल हे त्यांच्या हातातले हत्यार होते. मठाशी, बिशपांशी, पंडितांशी लढताना ते उत्तम चालले. पण त्या पुस्तकाने त्यांना स्वतःला धरले ते नंतर.

आता रमाबाईंना थोडा वेळ इथेच थांबवून आपल्या रोजच्या वाचनाकडे येतो.

बायबलातल्या ओळीला मराठी ख्रिस्ती माणूस 'वचन' म्हणतो, आणि मराठीत वचन म्हणजे दिलेला शब्द, आश्वासन. या दुहेरी अर्थामुळे आपली एक खोड बळावली आहे. जिथे पाहावे तिथे प्रत्येक ओळीत आपल्याला दिलेले काहीतरी आश्वासन शोधायचे. कॅलेंडरवर रोजचे एक वचन, फोनवर सकाळी आलेले एक वचन, नव्या वर्षाच्या प्रार्थनेला डब्यातून काढलेली चिठ्ठी. ही पद्धत आजची नाही. जर्मनीतल्या मोरावियन मंडळीचे रोजच्या वचनांचे पुस्तक १७३१ पासून दरवर्षी निघते आणि त्यातली जुन्या करारातली वचने चिठ्ठ्या टाकूनच काढतात. आपल्याकडे रामशलाका पाहणारे आहेत, ज्ञानेश्वरीचे पान उघडून कौल घेणारेही आहेत. मला त्याचा राग नाही. भ्यालेल्या माणसाला रात्री एक ओळ पुरते. पण वचनांना क्रमांक लावले गेले ते मागाहून, नव्या कराराला आजचे आकडे मिळाले ते १५५१ साली. पौलाने पत्र लिहिले तेव्हा त्यात आकडे नव्हते. आकडे आल्यावर ओळ उचलून खिशात घालणे सोपे झाले.

कॅलेंडरवर सर्वांत लोकप्रिय वचनांपैकी एक यिर्मया २९:११. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे, असा त्याचा आशय. आता वरचे वचन, दहावे, वाचा. तिथे सत्तर वर्षे म्हटले आहे. हे पत्र आहे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना. परत आणीन, पण सत्तर वर्षांनी. पत्र ऐकणाऱ्यांपैकी जे प्रौढ होते, ते तिथेच मरणार होते. अकरावे वचन हातात घेऊन नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याला दहावे वचन सोयीचे नाही. आणखी वर जा, पाचव्या वचनापासून. घरे बांधा आणि राहा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथली जी मराठी घराणी ही पुस्तिका वाचतील, त्यांना हा मजकूर ओळखीचा वाटेल. बेळगावकर म्हणतील, आम्हाला कोणी नेलेले नाही, आम्ही आहोत तिथेच आहोत. तो वाद या व्यासपीठावर नको! पण दारी मळा लावून शेजाऱ्याच्या भल्याचे मागणे, हे अकराव्या वचनाच्या आश्वासनाआधी आले आहे, एवढे लक्षात असू द्या.

दुसरे उदाहरण घरातले, आणि जास्त टोचणारे. इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, बावीसावे वचन: स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे. हे वचन बायबल न वाचणाऱ्या पुरुषांनाही पाठ असते. बायकोशी भांडण झाले की ते बाहेर निघते. जो रोज क्रमाने वाचतो त्याला ते वापरण्यात अडचण येते, कारण एकविसाव्या वचनात सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन व्हावे असे आहे, आणि पंचविसाव्यापासून पुढे नवऱ्याची पाळी येते. तिथे ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती बायकोवर करायला सांगितले आहे, आणि हा मजकूर बायकोला सांगितलेल्यापेक्षा कितीतरी लांब आहे. ज्याने बावीसावर पुस्तक मिटले त्याच्या घरात सत्ता पौलाची चालत नाही, त्याची स्वतःची चालते, पौलाची सही घेऊन.

याहून गंभीर गोष्ट सांगतो. आमच्या नात्यातल्या एका मावशींना मधुमेह होता. एका प्रार्थनासभेत उपदेशकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितले, तुम्ही बरे झालात, आता गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. मावशींनी गोळ्या बंद केल्या. घरच्यांनी समजावले, डॉक्टर रागावले, काही उपयोग झाला नाही. देवाच्या माणसाने सांगितले होते ना! त्यांची सून शाळामास्तरीण, रोज एक अध्याय वाचणारी, फारसे न बोलणारी. तिने सासूशी वाद घातला नाही. एका रात्री वाचनाची पाळी तिची होती. चालू होते तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र, शेवटचा अध्याय. त्यात पौल जाता जाता लिहितो, की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. सुनेने ते वाचले आणि थांबली. मावशींनी पुन्हा वाचायला सांगितले. मग म्हणाल्या, "पौलाला त्याला बरं करता आलं नाही होय गं?" सून म्हणाली, "इथे तर तसंच लिहिलंय, आत्या." आदल्या आठवड्यात पहिल्या पत्रातले वचन होऊन गेले होते, ज्यात पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी नुसते पाणी न पिता थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. मावशींना तेही आठवले. दुसऱ्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या घरात जे झाले ते डॉक्टरांनी केले नाही, सुनेनेही पुरते केले नाही. त्रफिमाचे वचन कोणी चिठ्ठीवर छापत नाही. ते निरोपांच्या गर्दीत पडलेले आहे, आणि त्याच्यापर्यंत पोचायला क्रमाने चालत यावे लागते.

वचनाला वचनच उत्तर देते, ही गोष्ट बायबलातच सांगितली आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि उडी टाक म्हणतो. आणि आधार कशाचा देतो? एक्क्याण्णवाव्या स्तोत्राचा. वचन बरोबर, शब्द बरोबर, संदर्भही खराच. येशू त्या स्तोत्राला खोटे म्हणत नाही. असेही लिहिले आहे, म्हणून तो अनुवादातले दुसरे वचन पुढे ठेवतो. माझ्या मते आध्यात्मिक अधिकाराची याहून कठोर कसोटी नाही. आपल्यासमोर वचन म्हणणारा माणूस दुसरे वचन ऐकून घ्यायला तयार आहे की नाही, हे पाहावे.

बाबा पदमनजींकडे येतो म्हणालो होतो. ते या गावचे, जन्म १८३१ सालचा. लंडन मिशन बेळगावात १८२० पासून होते. शिक्षणासाठी बाबा मुंबईला गेले आणि तिथल्या परमहंस सभेत शिरले. जातिभेद मोडणारी ती गुप्त मंडळी. कोणताही ग्रंथ ईश्वराचा आणि म्हणून चुकीच्या पलीकडचा, असा दावा करणारा धर्म मानायचा नाही, असा तिचा रोख होता. आजच्या सुशिक्षित माणसाला हे अगदी आपले वाटेल. बाबांनाही वाटले, पण त्यांचे समाधान झाले नाही. १८५४ साली त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' लिहिणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक बोलके वाटते: त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. ग्रंथाच्या सत्तेखाली आलेल्या माणसाने वाचकाला नुसते 'मान' असे सांगितले नाही, तर शेजारी बसून अर्थ सांगितला.

प्रेषितांच्या कृत्यांत असेच एक शेजारी बसणे आहे. हबशी राणीचा खजिनदार रथात बसून यशयाचे पुस्तक मोठ्याने वाचत चालला आहे. फिलिप्प विचारतो, समजते का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल? आणि फिलिप्पाला वर चढून आपल्यापाशी बसायला सांगतो. रथ वाचणाऱ्याचा, पुस्तक वाचणाऱ्याचे, बोलावणेही त्याचेच. काम झाल्यावर फिलिप्प निघून जातो. तो रथाचा सारथी होऊन बसत नाही.

गोव्यात ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, तिच्याबद्दल थोडेच सांगतो. फादर स्टीफन्स यांनी बायबलाचे भाषांतर केले नाही, 'ख्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती त्यांनी ओळखली. देवळात आणि घरोघर ते वाचले जाई. मग १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवरच हुकूम काढला. रोमन कॅथलिक घरांतून सामान्य माणसाच्या हाती बायबल येऊन रोजच्या वाचनाची गोष्ट मोकळेपणाने सुरू झाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ च्या पुढे. आता तिथे मिस्सेतल्या रोजच्या पाठांचा क्रम ठरलेला असतो, आणि मला तो क्रम आवडतो. आज काय वाचायचे हे मी ठरवत नाही, माझा फादरही ठरवत नाही.

रोजचे वाचन आणि अधिकार हे दोन शब्द बायबलात एकाच ठिकाणी भेटतात ते बिरुया गावात. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. पौल थेस्सलनीकाहून रातोरात निघून तिथे येतो आणि बोलतो. बिरुयाचे लोक ऐकतात, उत्सुकतेने ऐकतात, आणि मग दररोज शास्त्र उघडून तपासतात की हा सांगतो ते तसेच आहे काय. पौल काही साधा उपदेशक नव्हता. तरी लूक या तपासणाऱ्यांना उद्धट म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो. हे दोन दुवे, उत्सुकतेने ऐकणे आणि रोज तपासणे, एकत्र टिकवणे कठीण जाते. आपल्या काही मंडळ्यांत पहिला आहे आणि दुसरा नाही. आपल्या साहित्यमंडळांत बहुधा दुसरा आहे आणि पहिला नाही.

आता रमाबाईंकडे परत. केडगावच्या मुक्तिसदनात, शेकडो बायका-मुलींचा संसार सांभाळत, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. पंडिती भाषा नको, असे म्हणणारी ही बाई स्वतः पंडिता होती. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या त्याच सदनातल्या बाया होत्या. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. मंडळ्यांतून तो रुळला नाही, बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले, आणि आमच्या वाङ्मयेतिहासांनीही त्याला ओझरती ओळ दिली. मला ही दोन्ही दुर्लक्षे खटकतात.

पण आपल्या विषयापुरते एकच पाहा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असा मजकूर आहे. बिशपांच्या सल्ल्याला धुडकावणाऱ्या रमाबाईंना ते वचनही ग्रीकातून मराठीत आणावे लागले. संपूर्ण बायबल करायचे म्हणजे काही गाळता येत नाही. हे वचन त्यांनी कसे मानले असेल? जन्मभर शिकवणारी बाई शिकवू नये हे लिहिते, आणि दुसऱ्या बायका त्याचे खिळे जुळवतात. विरोधातले वचन झाकून ठेवणारा वाचक मला पुष्कळदा भेटला आहे, तेच वचन दुसऱ्यावर उगारणाराही भेटला आहे. स्वतःच्या विरोधातले वचन स्वतःच्या हाताने स्वच्छ लिहून पुढच्या वचनाकडे जाणारा वाचक क्वचितच भेटतो. वचनाचा अधिकार आणि वाचणाऱ्याचा अधिकार तिथे, त्या छापखान्यात, समोरासमोर उभे होते, आणि कोणीही दुसऱ्याला बाहेर काढले नव्हते.

काहींनी व्याख्यानाआधी मला विचारले, की आम्ही ख्रिस्ती नाही, पण वाचून पाहायचे तर कुठून सुरू करावे. मार्कापासून करा. सोळा अध्याय आहेत, रोज एक वाचला तर पंधरवडा आणि एक दिवस. ख्रिस्ती वाचकांनाही माझी तीच विनंती आहे, आणि मध्ये वचनांखाली रेघा ओढू नका. सोळाव्या दिवशी आठव्या वचनाशी पोचाल. बाया रिकामी कबर पाहून थरथरत पळाल्या आहेत आणि भीतीपोटी त्यांनी कोणाला काही सांगितलेले नाही. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान तिथेच थांबते. पुढची बारा वचने नंतरची समजतात. ती वाचायची की आठव्यावर पुस्तक मिटायचे, हे त्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवावे लागेल.